परतीचा शब्द

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला अंधाराची भीती वाटत नाही. विजेची वाटते, आणि विजेपेक्षाही जास्त वाटते ती अर्धवट ऐकणाऱ्या सोबत्याची. काम दोघांनी मिळून करायचं असतं. एक वर मशीनच्या खोलीत, दुसरा लिफ्टच्या टपावर नाहीतर अगदी तळाच्या खड्ड्यात, आणि मध्ये इमारतीची सगळी उंची. एकमेकांचं तोंड दिसत नाही, असतो तो फक्त आवाज. म्हणून या कामात एक शिस्त असते. वरच्याने 'खाली घेतोय' म्हटलं की खालच्याने 'खाली घे' म्हणायचं. ते शब्द परत आले की मगच वरच्याचं बोट बटणावर जाणार. नाही आले, तर हात जिथे असेल तिथे थांबणार. 'ऐकलंच असेल की' असं मनात आणणाऱ्यांच्या हाताला बोटं कमी असतात, असं बारक्या म्हणायचा.

बारक्या म्हणजे मिस्त्रीचा कामावरचा सोबती. त्याचं हे नाव कुणी ठेवलं देव जाणे. तो लिफ्टमध्ये शिरला की बाकीचे लोक मुकाट्याने जिना धरत. मिस्त्री मात्र शिडशिडीत, कमी बोलणारा. दोघं इतकी वर्षं एकत्र काम करत होते की परतीचा शब्द त्यांच्या जिभेवर बसला होता. चहा घेताना बारक्या 'साखर टाकतोय' म्हणायचा आणि मिस्त्री 'टाक' म्हणायचा, तेव्हाच चमचा कपात जायचा. टपरीवाला कपाळावर हात मारून घ्यायचा.

ही सवय मिस्त्रीने घरी कधी नेली, ते त्यालाही आठवत नव्हतं. बायको दुसऱ्या गावी नोकरीला गेली आणि हळूहळू तिकडचीच झाली. भांडण असं मोठं झालंच नाही. बोलणं कमी होत होत संपलं, इतकंच. ती गेली तेव्हा पोरगी लहान होती. तिला घरात सगळे ठकी म्हणत. सगळे म्हणजे आता एकटा मिस्त्रीच. लहान पोरीला न्हाऊ घालणं हे त्याला मोटर उघडण्यापेक्षा जोखमीचं वाटायचं, तेव्हा त्याने जे येत होतं तेच केलं.

"डोळे मीट. साबण येतोय."

"मिटले. येऊ दे."

"पाणी ओततोय."

"ओत."

ठकीला यात भारी मजा यायची. रस्ता ओलांडताना 'चल' म्हटलं की ती 'चल' म्हणायची आणि मगच पाऊल टाकायची. दिवा बंद कर, बंद करते. दूध पी, पिते. दोन खोल्यांचं घर होतं, माणसं दोनच, पण दिवसभर शब्द एकीकडून दुसरीकडे जात आणि परत येत. घर भरल्यासारखं वाटायचं. मिस्त्रीला वाटायचं, आपल्याला काही कमी नाही.

मग ठकी पहिलीत गेली.

"आता बघ," बारक्याने आधीच सांगून ठेवलं होतं. त्याचे दोन्ही मुलगे केव्हाच बापापेक्षा उंच झाले होते. "दात पडतील. पेन्सिली हरवतील. हरवणार नाहीत त्या खाईल. घरी आल्यावर मरगळून पडेल, नाहीतर उगीचच रडेल. चप्पल टोचतेय म्हणून रडेल, पण चप्पल टोचत नसणार."

"मग काय टोचत असणार?"

"दिवसभर शहाण्यासारखं बसावं लागतं ना तिथे. ते टोचतं." बारक्याने स्क्रू तोंडातून काढून हातात घेतला. "आणि 'आज काय केलं शाळेत?' असं विचारू नको. 'काही नाही' हेच उत्तर मिळणार. माझा थोरला वर्षभर शाळेत काही नाहीच करत होता, तरी पास झाला."

मिस्त्री हसला. आपली पोरगी तशी नाही, असं त्याने मनातल्या मनात म्हणून टाकलं. आपल्या पोरीकडून उत्तर येतंच.

सुरुवातीला सगळं बारक्याने सांगितलं तसंच झालं. ठकी शाळेतून यायची ती दप्तरासकट जमिनीवर आडवी व्हायची. एकदा मोजा उलटा झाला म्हणून हुंदके देऊन रडली. पेन्सिलींच्या टोकांवर दातांचे ठसे उमटले. मिस्त्री हे सगळं निर्धास्तपणे पाहत होता. यंत्र नवीन बसवलं की पहिले काही दिवस थोडं कुरकुरतंच.

पालकांची पहिली सभा झाली तेव्हा त्याने धुतलेला शर्ट घातला आणि नखांतलं वंगण ब्रशने घासून काढलं. वर्गातल्या बाकावर त्याचे गुडघे हनुवटीला टेकत होते. बाई तरुण होत्या, आवाज बसलेला, बोटांवर खडू. सगळ्यांशी बोलून झाल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतलं.

"मुलगी गुणी आहे हो तुमची. अक्षर जरा डोंगर चढतं, पण येईल ओळीवर. मला वेगळंच विचारायचं होतं." त्यांनी दार लोटून घेतलं. "तिला ऐकू नीट येतं ना?"

मिस्त्री बाकावरून अर्धा उठला.

"मी काही सांगितलं ना, की ती आधी ते परत म्हणते. वही काढा म्हटलं की 'वही काढते'. रांगेत उभे राहा म्हटलं की 'रांगेत उभी राहते'. प्रत्येक वेळी. ज्यांना कमी ऐकू येतं ती मुलं असं करतात कधीकधी, आपण बरोबर ऐकलं का ते चाचपून बघायला. मी तिला पुढच्या बाकावर बसवलंय. पण एकदा कान तपासून घ्या. आणि..." बाई थोड्या अडखळल्या. "मुलं हसतात. पोपट म्हणतात तिला. मी रागावते, पण माझी पाठ वळली की काय चालतं ते मला कळत नाही."

खरं तर तिथेच त्याला कळायला हवं होतं. पण परतीचा शब्द त्याच्या लेखी श्वास घेण्यासारखा होता, आणि आपली पोर श्वास घेते यात कुणाला खटकेल असं काही असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली: ठकीला ऐकू येत नाही, आणि आपण बाप असून आपल्याला पत्ता नाही.

त्याने घरी चोरून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तिच्या पाठीमागे चमचा पाडला. तिने वळून चमचा उचलून दिला. तो स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून अगदी पुटपुटला, "गोळी हवी का?"

"हवी," बाहेरून आवाज आला.

"मग कान चांगलेच आहेत की," दुसऱ्या दिवशी बारक्या म्हणाला.

"गोळीचं ऐकू येणं वेगळं."

"हेही खरं. माझ्या बायकोला मी कपाटातून पैसे काढलेले तिसऱ्या घरात ऐकू येतात. बाकी दहा वेळा हाक मारावी लागते."

मिस्त्री हसला नाही. सुट्टी मिळून तपासणीचा दिवस उगवेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला होता.

कान तपासायची जागा एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. एका खोलीत दुसरी छोटी खोली, जाड भिंतींची, एक काच असलेली. तपासणाऱ्या मुलीने ठकीला आत खुर्चीवर बसवलं आणि तिच्या कानांवर मोठे हेडफोन चढवायच्या आधी सांगितलं, "आवाज आला की हात वर करायचा. अगदी बारीक आला तरी."

"आवाज आला की हात वर करायचा," ठकी म्हणाली. "अगदी बारीक आला तरी."

दार बंद झालं. मिस्त्री काचेबाहेर स्टुलावर बसला. आतला आवाज बाहेर येत नव्हता, बाहेरचा आत जात नव्हता. तपासणारी मुलगी यंत्राच्या खुंट्या फिरवत होती. ठकीचे पाय खुर्चीवरून लोंबकळत होते आणि ती समोर कुठेतरी, काहीच नसलेल्या जागी पाहत होती. मग तिचा हात वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. मिस्त्रीला काहीही ऐकू येत नव्हतं. तिला मात्र येत होतं. तिच्यापाशी काहीतरी पोहोचत होतं आणि ती त्याला जबाब देत होती, आणि त्या दोन्हीत त्याला जागा नव्हती. तो इतका वेळ तिच्याकडे एकटक पाहत बसला तरी तिने एकदाही काचेकडे पाहिलं नाही. तिचं लक्ष कानात होतं.

दार उघडलं तेव्हा तपासणारी मुलगी हसत होती. "हिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. शेवटचे आवाज तर मोठ्या माणसांना येत नाहीत. घरी घेऊन जा."

"पण मग ती परत का म्हणते सगळं?"

"ते कानाचं नाही. घरात कुणाची तशी सवय असेल. मुलं घरातूनच उचलतात." ती ठकीकडे वळली. "बूट घाल हं तुझे."

"बूट घालते," ठकी म्हणाली.

"नाडी बांधतोय," मिस्त्री खाली वाकून म्हणाला.

"बांध."

आणि नाडी हातात धरून तो तसाच बसून राहिला. तपासणाऱ्या मुलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ठकीकडे, आणि दुसऱ्या पेशंटला हाक मारायला गेली.

परतताना त्याला हसूही येत होतं आणि स्वतःला दोन ठेवून द्याव्यात असंही वाटत होतं. पोरीला पोपट म्हणत होते ते त्याच्यामुळे. त्याने तिला खड्ड्यातल्या माणसासारखं वाढवलं होतं आणि वर्गात खड्डा नव्हता. त्याला एक दिवसही थांबवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना भेटून रीतसर बोलायचं, विचारायचं, हे सुचलंच नाही. संध्याकाळी त्याने ठकीला समोर बसवलं.

"हे बघ, शाळेत कुणी काही सांगितलं ना, की ते परत म्हणायचं नाही. नुसतं करायचं."

"का?"

"परत म्हणणं लिफ्टच्या कामाचं असतं. शाळेत बाई समोरच असतात, त्यांना दिसतं."

ठकीने विचार केला. तिचा पुढचा दात हलत होता, तो तिने जिभेने ढकलून पाहिला. "परत म्हणायचं नाही. नुसतं करायचं," ती म्हणाली.

"शाबास. घरी म्हटलं तर चालेल हं. घरी आपण म्हणू."

तो थांबला. ठकीने मान डोलावली आणि दप्तर आवरायला उठून गेली. सांगितलेलं ती नुसतं करू लागली होती.

बाईंना त्याने सगळं सांगितलं तेव्हा त्या खळखळून हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "अहो, मग तुम्ही काही बोलू नका तिला. जाईल हळूहळू आपोआप. वाईट काही नाही त्यात."

"बोललो मी," मिस्त्री म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. फळ्याकडे वळता वळता पुन्हा म्हणाल्या, "बरं, असू दे."

पहिले काही दिवस त्याला वाटलं, विसरली असेल. तो 'दिवा बंद कर' म्हणायचा आणि दिवा बंद व्हायचा. त्याला अंधारात दोन शब्द कमी पडायचे. रस्त्यावर तो 'चल' म्हणायचा आणि ती चालू लागायची. त्याचंच पाऊल मागे राहायचं. एकदा तिच्या डोक्यावर पाणी ओतण्याआधी तो तांब्या धरून इतका वेळ उभा राहिला की ठकीने डोळे किलकिले करून वर पाहिलं.

"बाबा, ओत ना. थंडी वाजतेय."

"ओततोय म्हटलं होतं मी."

"मग ओत की. बाई म्हणतात, एकदा सांगितलं की समजायला पाहिजे."

बाई म्हणतात. त्या वर्षी घरात बाईंचं राज्य आलं. बाई म्हणतात नखं अशी कापतात. बाई म्हणतात सूर्य हलत नाही. मिस्त्रीने सातचा आकडा काढून दाखवला, तर बाई तसा काढत नाहीत. मग बाईंच्या जोडीला एक मैत्रीण आली, दोन वेण्यांवाली, शेजारच्या गल्लीत राहणारी. ती ठकीला आता पोपट म्हणत नव्हती. सुरुवातीला तीच सगळ्यात जास्त म्हणायची, असं पुढे कळलं. शाळेच्या वाटेवर कोपरा आला की ठकी बापाच्या हातातून हात सोडवून घेऊ लागली, कारण कोपऱ्यापलीकडून दोन वेण्या दिसायच्या.

आणि 'आज काय केलं शाळेत?' याला 'काही नाही' हे उत्तर सुरू झालं.

बाहेरून पाहणाऱ्याला मुलगी छान चालली होती. अक्षर ओळीवर आलं. आठवड्यातून एकदा आईचा फोन यायचा. तेव्हा ठकी खिडकीपाशी जाऊन बसायची आणि तिच्या तोंडाचं कुलूप उघडायचं. मिस्त्री स्वयंपाकघरात भांडी घासता घासता नळ बारीक करायचा. अशाने त्याला कळलं की दात शाळेतच पडला होता आणि बाईंनी तो कागदाच्या पुडीत बांधून दिला होता. फळा पुसायचं काम ठकीकडे आलं होतं. एका मुलाने डब्यात किडा आणला होता आणि तो सगळ्यांना आवडला होता.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "दात शाळेत पडला होय?"

"हो."

"मग?"

"मग काही नाही."

तिला त्याचा राग नव्हता. हे त्याला समजत होतं, आणि समजूनही काही उपयोग होत नव्हता. आई लांब होती, तिला सांगावं लागत होतं. बाबा इथेच होता. इथेच असलेल्या माणसाला काय सांगायचं?

वर्ष सरत आलं तेव्हा आणखी एक गोष्ट गेली. तोवर ठकी पुस्तक मोठ्याने वाचायची, अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, आणि मिस्त्री हातातलं काम तसंच चालू ठेवून ऐकत असायचा. त्याला वाटायचं, निदान हा आवाज आहे. एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा घर शांत होतं. ठकी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर पुस्तक. ओठ मिटलेले. बोटही अक्षरांवर नव्हतं.

"वाचत नाहीस?"

"वाचतेय की. मनात." तिने मान वर न करता पान उलटलं. "बाईंनी शिकवलं. मनात पटपट होतं."

तो दारात पायातले बूटही न काढता उभा राहिला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी गमतीचं येऊन गेलं, पुस्तकातलं. काचेपलीकडून पाहावं तसं त्याला ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी कामावर बारक्या वरून ओरडला, "खाली घेतोय." मिस्त्री खड्ड्यात उभा होता. वरच्या झरोक्यातून उजेडाची पट्टी दोरांवर पडली होती. त्याने ऐकलं, आणि नुसती मान डोलावली.

वर काहीही हललं नाही. मग खूप वेळाने जिन्यावरून धापा ऐकू आल्या. बारक्या सगळे मजले उतरून आला होता आणि खड्ड्याच्या तोंडाशी वाकून पाहत होता. चेहरा पांढराफटक.

"जिवंत आहेस?"

"आहे."

"मग तोंड शिवलंय का? मला वाटलं..." त्याने जमिनीवरच बसकण मारली. "माझ्यासारख्याला इतके जिने उतरायला लावतोस, पाप लागेल तुला."

मिस्त्री शिडीने वर आला आणि त्याच्या शेजारी बसला. त्याचा दम ओसरू दिला. मग मिस्त्रीने सांगितलं. थोडंच सांगितलं, मनात वाचते, एवढंच.

बारक्याने घाम पुसला. "ते होणारच होतं. मी तुला दातांचं सांगितलं, पेन्सिलींचं सांगितलं. हे नाही सांगितलं. सांगून काय करणार होतास?"

"तुझी मुलं बोलतात तुझ्याशी?"

"थोरला महिन्यातून एकदा म्हणतो, 'बरे आहात ना?' मी म्हणतो, 'बरा आहे.'" बारक्या उठायला भिंतीचा आधार शोधू लागला. "हात दे. उठतोय."

"ऊठ," मिस्त्री म्हणाला आणि मग त्याला हात दिला.

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी नेहमीसारखं कोपऱ्यावर ठकीने हात सोडवून घेतला. दोन वेण्या फाटकापाशी वाट पाहत होत्या. दप्तर पाठीवर उड्या मारत होतं. वर्षाच्या सुरुवातीला ते तिच्या गुडघ्यांपर्यंत यायचं, आता येत नव्हतं. मिस्त्री कोपऱ्यावरच थांबला. त्याने पुढे आलेलं तिला आवडत नव्हतं. गाड्यांचा आवाज होता, मुलांचा गलका होता, शाळेची घंटा व्हायची वेळ झाली होती. ऐकू जाईल अशी काही आशा नव्हती, म्हणूनच तो बोलला. मोठ्याने नाही, स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे पाहून गोळीचं विचारलं होतं, तेवढ्याच आवाजात.

"नीट जा."

ठकी थांबली नाही, वळलीही नाही. फाटकाकडे चालता चालता तिचा उजवा हात खांद्याच्या वर गेला, सरळ, आणि खाली आला.

कदाचित तो मैत्रिणीला केलेला हात असेल. मैत्रीण समोरच होती, तिनेही हात केला. मग दोघी फाटकातून आत गेल्या आणि गर्दीत कुठली ठकी ते ओळखू येईना.

मिस्त्री थोडा वेळ तिथेच उभा राहिला. कामाच्या शिस्तीप्रमाणे खात्री नसेल तर थांबायचं असतं. त्याने तो हात पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणला, कसा वर गेला, कसा खाली आला, कान तपासताना काचेमागे जायचा तसा. मग अवजारांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"जातोय," तो म्हणाला, आणि कामाच्या वाटेला लागला.